खुर्चीच्या पोटात

बाळांनो, बसल्या जागी जरा पाठ सैल सोडा आणि डोळे मिटा. घाई नाही. आता अशी कल्पना करा, की तुम्ही बावन्न वर्षांची एक बाई आहात. हसू नका. तुमचे गुडघे किंचित दुखतात, चष्मा नाकावरून घसरतो, पर्समध्ये दोन पेनं आणि डोकेदुखीची एक गोळी आहे, आणि आज ठेवणीतले कपडे घालून तुम्ही परक्या घरी दुपारच्या जेवणाला आला आहात, कारण तुमच्या मुलाचं या घरातल्या मुलीशी लग्न ठरतंय. टेबल लांब आहे. भोवती लाकडाच्या सहा खुर्च्या. घरची बाई "बसा ना" म्हणत एक खुर्ची पुढे ओढते, तुम्ही बसता, आणि खुर्ची बोलते. मोठ्यानं नाही. कोणी दाराआडून घसा खाकरावा, इतकंच. कुर्र. आणि लगेच गप्प. झाली कल्पना करून? मग आता उघडा डोळे. ती बाई मात्र पुढचा तासभर डोळे उघडे ठेवूनही काही पाहणार नाही.

तिचं काम कागद पारखण्याचं होतं. एका मोठ्या छापखान्यात ती सत्तावीस वर्षं कागद विकत घेत होती, आणि तिथले लोक तिला कागदवाली बाई म्हणत. दुकानदार नमुन्यांचे गठ्ठे घेऊन आला, की ती एकेक ताव कानाजवळ धरून झटकायची. कोरा कागद खळखळतो, जुना पुटपुटतो, ओल खाल्लेला नुसताच उसासा टाकतो. दुकानदार आपसांत म्हणायचे, "या बाईला आवाज दाखवा, माल नको." ती हसायची. पण कोणाला न सांगितलेली एक गोष्ट होती: सत्तावीस वर्षं, रोज, ती त्या तावांमध्ये एक आवाज शोधत होती, आणि तो कधी लागला नव्हता. जाड कागदाला जवसाचं तेल पाजून उन्हात वाळवला, की तो जसा वाजतो, तो आवाज. आधी किंचित कुरकुर, मग एकदम मुकाट. आणि आता तो तिच्याच वजनाखाली वाजला होता. एखाद्यानं गावभर दवंडी पिटावी आणि हरवलेली वस्तू आपल्याच काखेत सापडावी, तशी ती बसून राहिली.

तिनं पाठ टेकली. मुद्दाम नाही, भीतीनं. आणि पाठीला जे कळलं ते कानापेक्षाही आधीचं होतं. कमरेच्या वर चार बोटांवर लाकूड हळूच पुढे येत होतं, थांबत होतं, खांद्यांच्या खाली पुन्हा मागे सरत होतं, जणू कोणी तळहात ठेवून म्हणावं, मी आहे, टेक. या तळहाताला ती आठ वर्षांची असल्यापासून टेकली नव्हती. तिचे पाय जमिनीवर होते, तरी क्षणभर ते तिला लोंबकळल्यासारखे वाटले. समोर वाफाळता भात होता, काचेच्या भांड्यात पाणी होतं, पाण्यात खिडकी उलटी होऊन तरंगत होती, आणि त्या उलट्या खिडकीतून ओल्या गवताचा वास आला.

तो लव्हाळ्याचा वास होता. त्यांचा खुर्च्यांचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, आणि खोलीच्या मागे हौद. हौदात लव्हाळं भिजत पडलेलं असे, कारण सुकं लव्हाळं वळवलं की मोडतं आणि ओलं वळवलं की दोरी होतं. आई ती ओली पाती हातावर पिळत जायची आणि पिळता पिळताच विणत जायची, खुर्चीच्या चार कोपऱ्यांकडून मधोमध, चार त्रिकोण एकमेकांकडे सरकत यावेत तसं. विणून झालेली बैठक बंद पाकिटाच्या पाठीसारखी दिसे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाबा आणि काका. बाबा थोरले, काका धाकटे. बाबांचा रंधा लांब श्वासासारखा चालायचा, काकांची पटाशी टुकटुक बोलायची, आणि दिवसभरात दोघांत दहा वाक्यं झाली तर पुष्कळ. "दे." "घे." "जास्त होतंय, दादा." "होऊ दे." तिला वाटायचं, सगळ्याच घरातले भाऊ असेच, लाकडातून बोलत असतील.

आणि तिचं स्वतःचं काम होतं. लहान मुलीला देतात तसलं उगाचचं नव्हे, खरं. विणलेल्या बैठकीला वर एक थर असतो आणि खाली एक थर, आणि मधे पोकळी राहते. ती पोकळी भरली नाही तर बैठक चार महिन्यांत खचते. आई तिला खुर्चीचं पोट म्हणायची. "भर गं, पोट भर तिचं. उपाशी खुर्ची बसणाऱ्याला खाते." मग ती खुर्चीखाली उताणी निजायची, उशाशी रद्दीची टोपली, हातात बोथट काठी, आणि लव्हाळ्याच्या फटीतून कागद कोंबत जायची. जुनी पत्रकं, सिमेंटच्या पिशव्यांचे तुकडे, तिच्याच वहीतली चुकलेली गणितं. चुकलेली गणितं कोंबताना तिला फार बरं वाटे. कुठल्या तरी लांबच्या घरात कोणी तरी गंभीर माणूस तिच्या सातच्या पाढ्यावर बसून जेवत असेल, आणि त्याला ते कळणारही नाही. काका वाकून खाली बघायचे आणि म्हणायचे, "खारूताई, किती साठवशील? हिवाळा आला का?" खारीसारखी ती गालात हसू कोंबायची.

"भात घ्या ना अजून," होणारी विहीण म्हणत होती. "का हो, खुर्ची टोचतेय का? मी म्हटलं होतं मुलीला, पाहुण्यांना ती देऊ नकोस. आमच्या घरात तिला कुरकुरी म्हणतात. बाकीच्या पाचांना नायलॉनच्या पट्ट्या मारून घेतल्या, हिचंच विणकाम काय ते मूळचं राहिलंय. आमचे हे होते ना, तेव्हा म्हणायचे, ही खुर्ची अगदी माझ्या सासूवर गेलीय, जरा वजन पडलं की कुरकुर."

"आणि आजी म्हणायची, सासू तरी मधेमधे गप्प बसते, जावई नाही," होणारी सून म्हणाली, आणि सगळे हसले. तिचा मुलगाही हसला, जरा जास्तच, नवं नवं घर होतं ना त्याचं.

"जुन्या बाजारात मिळाल्या त्यांना," विहीणबाई सांगत होत्या. "तीस वर्षं झाली. सहाच्या सहा. कोणी केल्या, कुठल्या, काही ठाऊक नाही. थांबा, बदलूनच देते."

"नको!"

ते इतक्या मोठ्यानं निघालं, की चमचा हातात धरलेले सगळे तसेच थांबले. मुलानं तिच्याकडे पाहिलं. आई, काय हे, असं त्याच्या भुवया म्हणाल्या. "नको," ती हळू आवाजात म्हणाली, "फार... फार छान आहे खुर्ची. पाठीला." आणि टेबलाच्या पलीकडून, बशीच्या काठावरून, दोन काळेभोर डोळे तिला न्याहाळत राहिले. ती या घरातली नात. सात वर्षांची. तिला सगळे मिरी म्हणत, कारण लहान असली तरी झोंबायची.

हसूनखेळून जेवण पुढे चाललं आणि ती मागे चालली. फर्मा. तो शब्द तिनं चव्वेचाळीस वर्षं मोठ्यानं उच्चारला नव्हता. तुम्हाला फर्मा ठाऊक आहे का? एकसारख्या वस्तू करायच्या, तर आधी एकीचा आकार कागदावर कापून ठेवतात, आणि तो लाकडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवतात. तो कापलेला आकार म्हणजे फर्मा. त्यांच्याकडे खुर्चीच्या पाठीचा एक फर्मा होता, आजोबांनी केलेला, वितीच्या दुप्पट लांब, तेल पाजलेला, मधाच्या रंगाचा. आजोबांनी तो कसा काढला, ते बाबा सांगायचे तेव्हा त्यांचा रंधा थांबायचा. दोन्ही मुलगे वाढत्या वयाचे असताना आजोबांनी शिशाची मऊ पट्टी आधी थोरल्याच्या पाठीला दाबली आणि तिची रेघ कागदावर उतरवली. मग धाकट्याच्या पाठीला दाबली आणि तीही उतरवली. थोरल्याची पाठ जास्त वळलेली, धाकट्याची सरळ. मग आजोबांनी त्या दोन रेघांच्या बरोबर मधून तिसरी ओढली आणि ती कापली. "ही कोणाचीच पाठ नाही," ते म्हणाले होते, "म्हणून सगळ्यांना बसेल." त्या फर्म्याची नक्कल करायची नाही, हा त्यांचा दंडक. नकलेची नक्कल केली, की दर वेळी पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक पडत जातो, आणि नातवाच्या वेळेला खुर्ची बसणाऱ्याला ढकलायला लागते. म्हणून फर्मा एकच, आणि त्याचा खिळा एकच.

त्या दिवशी सहा खुर्च्या जायच्या होत्या. गाडी दारात उभी होती, गाडीवान पान चघळावं तसा अधीरपणा चघळत होता, आणि सहाव्या खुर्चीचं पोट अजून भरायचं होतं. टोपली रिकामी झाली होती. "खारूताई, आटप गं," आई म्हणाली, "आता शेवटचे वेढे घालते, मग फट राहणार नाही." ती उठून धावली. काकांनी सकाळी नव्या पट्ट्या आखल्या होत्या आणि फर्मा बाकावर ठेवून ते कशाला तरी बोलावलं म्हणून बाहेर गेले होते. बाकावर भुसा, ढलप्या, कापलेले कागद. तिनं हाताला लागेल ते कवेत घेतलं. त्यातला एक कागद जाड होता. गुळगुळीत होता. त्याला वास होता. तिला कळलं नव्हतं का? हे तिनं स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं, की आता उत्तराचीही झिलई उडाली होती. कळलं असेल, हाताला. पण पोट इतकं भुकेलं होतं, गाडीवान इतका खाकरत होता, आणि एवढ्या एका जाड कागदानं सगळं भागत होतं. तिनं तो दोनदा दुमडला. तो कुर्र वाजला. तिनं तो काठीनं आत लोटला, आईनं शेवटचा वेढा ओढला, आणि पाकीट बंद झालं.

संध्याकाळी बाबांचा हात खिळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. ते दृश्य तिला अजून दिसायचं, कधी छापखान्याच्या जिन्यात, कधी दात घासताना: भिंत, भिंतीवर खिळा, खिळ्यावर हात, आणि हाताला काहीच नाही. तेव्हाच, त्या हाताकडे बघताना, तिला पुरतं कळलं. घरात त्या आठवड्यात आधीच वेगळं होण्याची बोलणी चालू होती. काकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान घालायचं होतं, आणि बाबा वरवर "जा बाबा, सुखानं जा" म्हणत रंधा जरा जोरात मारत होते. आता रंधा बंद पडला. "जायचं तर जा, धाकट्या. फर्मा ठेवून जा." "मी नाही घेतला, दादा." "मग काय उंदरानं नेला?" "उंदरालाच विचार, दादा." आणि मग बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं, प्रेमानंच, कारण लहान मुली खोटं बोलत नाहीत. "तू पाहिलास का गं फर्मा?"

तिच्या बोटांना अजून तेलाचा वास होता. तिनं हात मागे लपवले.

"काकांच्या हातात पाहिला होता," ती म्हणाली.

आणि हे खोटं नव्हतं, बरं का. सकाळी तो त्यांच्याच हातात होता. मुलांनो, हे लक्षात ठेवा, की अर्ध्या खऱ्याला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त पाय असतात. ते चालत गेलं, चव्वेचाळीस वर्षं चालत राहिलं. काका दोन दिवसांनी आपली हत्यारं घेऊन गेले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं का? नसावं. त्यांना इतकंच ठाऊक होतं, की पोरीनं जे पाहिलं ते सांगितलं.

पुढे बाबा आठवणीनं पाठ कापू लागले, पण आठवण ही ज्याची त्याची असते. त्यांच्या खुर्च्या हळूहळू त्यांच्याच पाठीच्या होत गेल्या, वळलेल्या, बसणाऱ्याला पुढे लोटणाऱ्या. एकदा काकांच्या दुकानातली खुर्ची तिनं पाहिली होती; ती सरळ, जरा कडक, काकांच्या पाठीची. दोन भाऊ दोन टोकांना बसून अर्धी अर्धी खुर्ची करत होते आणि मधली रेघ कुठल्या तरी परक्या घरात, जेवणाऱ्या माणसांखाली, अंधारात दुमडून पडली होती. बाबा गेले तेव्हा काका आले. कोणाशी बोलले नाहीत. बाबांच्या शेवटच्या खुर्चीत बसले, पाठ टेकली, आणि बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाले, "जास्त झालीय, दादा." तेव्हा ती चहाचा कप घेऊन त्यांच्या समोर उभी होती. सांगायचं होतं तर तेव्हा होतं. पण काय सांगणार? आणि हातात काय घेऊन? फर्मा मिळू दे, ती मनाशी म्हणाली, मिळाला की त्यांच्या हातात ठेवीन आणि मग सांगेन. कप तसाच गार झाला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. काका चौऱ्याऐंशीचे झाले, डोळे जवळजवळ गेले, आणि दर वेळी फोन वाजला की तिला वाटायचं, संपलं, आता सांगायला माणूसच उरला नाही.

"लग्नाच्या हॉलचं आपण बाहेर बसून बोलू या का?" विहीणबाई म्हणाल्या. "गच्चीत वारा चांगला येतो." खुर्च्या सरकल्या, बशा उचलल्या गेल्या, मुलगा आणि होणारी सून एकमेकांना खुणा करत बाहेर गेली. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली, "मी आलेच, जरा पाठ..." आणि ती बसूनच राहिली. रिकाम्या टेबलावर ऊन आडवं पडलं होतं, पाण्याच्या भांड्यांच्या सावल्या हलत होत्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फळं कापायची सुरी पडली होती, ती तिला इथूनच दिसत होती. किती वेळ लागेल? मिनिटभर. मधोमध एक चीर, आणि आत हात. बाहेरच्या लोकांना काय वाटेल, तेही दिसत होतं: सोयरीक करायला आली आणि खुर्ची फाडून गेली. लग्नांत पुढच्या तीन पिढ्या सांगतील. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती हललीच असणार, कारण खुर्ची पुन्हा बोलली. कुर्र.

"तिचं पोट दुखतंय," खालून आवाज आला.

ती वाकली. टेबलाखाली, पायांच्या जंगलात, मिरी मांडी घालून बसली होती.

"कोणाचं?"

"कुरकुरीचं. मी रोज ऐकते. कान लावला की कळतं. तिनं काहीतरी खाल्लंय." आणि मग बारीक आवाजात, "तुम्ही का ओरडलात मघाशी?"

आता बावन्न वर्षांची, ठेवणीतल्या कपड्यातली बाई काय करते? ती गुडघ्यांवर हात ठेवते, "आई गं" म्हणते, आणि खाली उतरते. टेबलाखाली गार होतं. इथून खुर्च्या वेगळ्याच दिसत होत्या, नुसते पाय आणि पोटं. तिनं उताणं होऊन कुरकुरीखाली डोकं सरकवलं. लव्हाळं काळपट पिवळं पडलं होतं, पण वेढे आईचेच होते, घट्ट, डावीकडून उजवीकडे. तिनं बोटांनी फट चाचपली. आत काहीतरी जाड होतं. बोटाचं टोक त्याला लागलं आणि परत आलं. त्याच्या पलीकडे काही जाईना. मिरी शेजारी येऊन उताणी पडली.

"एक मुलगी होती," बाई म्हणाली. कोणाला सांगतेय हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. आणि तिनं सांगितलं. हौद, लव्हाळं, दोघं भाऊ, मधली रेघ, गाडीवान, टोपली, खिळ्यावरचा हात. सातच्या पाढ्याशी मिरी खुदकन हसली. "काकांच्या हातात पाहिला होता" इथं मात्र ती हसली नाही. तिनं मान वळवून बघितलं.

"मग?"

"मग काका गेले."

"आणि ती मुलगी?"

"ती मोठी झाली. काका म्हातारे झाले, त्यांचे डोळे गेले."

"हे काही गोष्टीत नसतं," मिरी म्हणाली. "काहीतरी करावं लागतं तिला."

"करणार आहे ना. आधी तो कागद बाहेर काढायला हवा. मग तो काकांना दाखवायचा आणि सांगायचं."

"पण त्यांना दिसत नाही म्हणालात."

"हातात देईन. हातांना कळेल."

मिरीनं थोडा विचार केला. विचार करताना तिचे ओठ पुढे यायचे. "आणि ही खुर्ची आमच्या घरी नसतीच तर? बंबात गेली असती तर? मग तुम्ही सांगितलंच नसतं?"

बाहेर गच्चीत कोणी तरी मोठ्यानं हसलं. वर, अगदी नाकासमोर, आईचे वेढे होते, एकापुढे एक, कधीचे ओले आणि कधीचे वाळलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. चव्वेचाळीस वर्षं ती एक कागद शोधत होती, आणि कागदाची गरजच नव्हती. तोंड होतं. तोंड सगळा वेळ चेहऱ्यावरच होतं. कागद शोधण्याच्या निमित्तानं तिनं तेवढं एक झाकून ठेवलं होतं, टोपलीतल्या रद्दीखाली एखादी वस्तू झाकावी तसं.

"फोन कुठाय तुमचा?" मिरीनं विचारलं.

पर्स वर होती. मिरीनं टेबलाखालूनच हात वर घालून ती ओढली, दोन्ही पेनं खाली पडली, गोळी घरंगळत गेली. बाईनं काकांचा नंबर लावला. बोटं घामेजली होती आणि, विश्वास ठेवा वा ठेवू नका, त्यांना तेलाचा वास येत होता. पलीकडे घंटा वाजत राहिली. नसतील, तिला वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"कोण?" आवाज खरखरीत होता, रंधा न मारलेल्या फळीसारखा.

"काका, मी."

"खारूताई! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. पोराचं ठरलं का? मला बोलावणार की नाही? डोळे गेले म्हणजे जेवण दिसत नाही असं समजू नका, वासानं जेवतो मी."

"काका." तिनं श्वास घेतला. "काका, फर्मा."

 पलीकडे कुठंतरी, त्यांच्या घरात, घड्याळ चालत होतं.

"तो तुम्ही नेला नव्हता," ती म्हणाली. "मी कोंबला होता. शेवटच्या खुर्चीत. तुम्ही बाकावर ठेवला होता आणि मी... बाबांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, काका, आणि मी तुमचं नाव घेतलं."

 मग अगदी हळू, "काय म्हणालीस?"

काका ऐकू न येणाऱ्यातले नव्हते. त्यांचे कान अजून पातं परजल्यासारखे होते. लाकडावर टिचकी मारून गाठ सांगायचे. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं, की त्यांचा विश्वास बसत नव्हता, की त्यांना एवढ्या वर्षांनी ते ऐकायचंच नव्हतं, हे तिला कळेना. आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर त्यातून आवाजच निघेना. एकदाचंच होतं तिच्याजवळ. ते देऊन झालं होतं. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, कारण ती उताणी होती, आणि फोन छातीवर वरखाली होत होता.

तेव्हा मिरीनं काय केलं? तिनं फोन तिच्या छातीवरून उचलला आणि तिचा हात धरून तिला खुर्चीखालून बाहेर ओढलं. फोन कुरकुरीच्या पोटाखाली, बरोबर मधोमध, फरशीवर ठेवला. मग टेबलाखालून रांगत निघाली, फ्रॉक झटकला, खुर्चीवर चढली, दोन्ही हात काठांना धरून आपलं एवढंसं अंग वर उचललं, आणि धपकन सोडलं.

कुर्र. आणि मुकाट.

फरशीवरच्या फोनमधून कितीतरी वेळ नुसता श्वास येत होता, लांब रंध्यासारखा. मग तो खरखरीत आवाज आला, पण आता त्यात कोणीतरी वाढत्या वयाचं होतं.

"पुन्हा बस."

आणि मिरी पुन्हा बसली. या वेळी तिनं पाठही टेकली.